ताऱ्याची ऊर्जा आणि विजेचा हिशेब

प्रस्तावना

घरात दिवा लावताना त्यामागची वीज कोठून येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. भारतातील बहुतांश वीज आजही कोळसा जाळून तयार होते. कोळशाचा साठा मर्यादित आहे आणि त्याच्या ज्वलनाने हवेचे व हवामानाचे नुकसान होते. म्हणून ऊर्जेच्या नव्या स्रोतांचा शोध अखंड चालू आहे. सूर्य ज्या प्रक्रियेने तळपतो, त्या प्रक्रियेतून वीज मिळवणे हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न होय. त्याचा परिचय या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• अणुकेंद्रांचे संमीलन म्हणजे काय ते सांगता येईल;
• प्रयोगातील यश आणि व्यापारी वीजनिर्मिती यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• या संशोधनातील भारताच्या सहभागाची माहिती देता येईल.

मूळ पाठ

सन १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल आणि मग जगाचा इंधनाचा प्रश्न कायमचा सुटेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्यानंतर सात दशके उलटली. संमीलन मानवाला साधले; परंतु संमीलनाच्या विजेवर एकही दिवा अद्याप लागलेला नाही. असे का व्हावे?

आजच्या अणुवीज केंद्रांत युरेनियमसारखी जड अणुकेंद्रे फोडली जातात. त्याला विखंडन म्हणतात. संमीलनाची रीत याच्या उलट आहे. त्यात हलकी अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून अधिक जड केंद्र तयार होते. या क्रियेत वस्तुमानाचा अल्पसा अंश नाहीसा होतो आणि त्याची प्रचंड ऊर्जा बनते. पृथ्वीवर यासाठी हायड्रोजनचीच दोन भावंडे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, सर्वांत सोयीची ठरतात. त्यांच्या संयोगातून हेलियम व एक वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतो. एकूण ऊर्जेचा सुमारे ८० टक्के भाग हा न्यूट्रॉन घेऊन जातो.

धनभारित अणुकेंद्रे एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणण्यासाठी इंधन सुमारे १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हे त्याच्या दहापट झाले. एवढ्या उष्णतेत पदार्थ प्लाझ्मा अवस्थेत जातो. त्याला कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. यावर तत्कालीन सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. वड्याच्या आकाराच्या पोकळ कड्यात प्रबळ चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा अधांतरी धरून ठेवायचा. या यंत्राला टोकामाक म्हणतात. इंग्लंडमधील 'जेट' या टोकामाकने १९९७ मध्ये १६ मेगावॉट इतकी संमीलन शक्ती क्षणभर निर्माण केली. मात्र त्यासाठी प्लाझ्मा तापवायला २४ मेगावॉट खर्ची पडले होते.

दुसरा मार्ग लेसर किरणांचा आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंधनाच्या बारीक गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा सोडण्यात आली आणि ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. आवकेपेक्षा उत्पन्न अधिक, अशी ही प्रयोगशाळेतील पहिलीच नोंद होती. पण ते लेसर चालवण्यासाठी वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल ऊर्जा घ्यावी लागली होती. इंधनाचा हिशेब नफ्याचा ठरला; संपूर्ण यंत्राचा हिशेब मोठ्या तोट्याचाच राहिला. विहिरीला पाणी लागले म्हणजे पीक हाती आले, असे होत नाही.

विक्रीयोग्य वीज मिळवायची तर आणखी अडथळे ओलांडावे लागतात. पहिला अडथळा सातत्याचा. वीजकेंद्र महिनोन्‌महिने चालावे लागते. आजचे प्रयोग मात्र सेकंदांत किंवा मिनिटांत मोजले जातात. दुसरा अडथळा इंधनाचा. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात विपुल आहे. परंतु ट्रिटियम निसर्गात जवळजवळ आढळत नाही. ते किरणोत्सारी असून सुमारे १२ वर्षांत निम्मे होते. संमीलनातून १००० मेगावॉट उष्णता वर्षभर मिळवण्यास सुमारे ५५ किलोग्रॅम ट्रिटियम लागेल. म्हणून यंत्राला लिथियमचे अस्तर लावून, त्यावर आदळणाऱ्या न्यूट्रॉनांकडूनच नवे ट्रिटियम तयार करवून घ्यावे लागेल. ही व्यवस्था पूर्ण प्रमाणात अद्याप कोठेही चालवून पाहिलेली नाही.

तिसरा अडथळा धातूंचा. वेगवान न्यूट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने यंत्राच्या भिंती ठिसूळ व किरणोत्सारी होतात. त्या वरचेवर बदलाव्या लागतील आणि तेवढा काळ उत्पादन थांबेल. शेवटचा अडथळा पैशाचा. येथे इंधन थोडे लागते, पण यंत्र अतिशय महाग असते. असे यंत्र बंद राहिले तरी भांडवलावरील व्याज थांबत नाही. शिवाय, सूर्यप्रकाश व वारा यांपासून मिळणारी वीज दरम्यानच्या काळात पुष्कळ स्वस्त झाली आहे. तिच्या दराशी संमीलनाच्या विजेला स्पर्धा करावी लागेल.

तरीही हे प्रयत्न सोडून द्यावेत असे नाही. संमीलनात अनियंत्रित साखळी प्रक्रियेचा धोका नाही, कारण प्लाझ्मा थोडा जरी विस्कटला तरी क्रिया आपोआप विझते. ऊर्जानिर्मितीच्या वेळी त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. ऊन-वाऱ्यावर ते अवलंबूनही नाही. म्हणूनच दक्षिण फ्रान्समध्ये 'इटर' हा प्रकल्प उभारला जात आहे. युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया व अमेरिका त्यात भागीदार आहेत. ५० मेगावॉट उष्णता आत सोडून ५०० मेगावॉट संमीलन शक्ती मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. वीज निर्माण करणे हे नव्हे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार तेथे ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत. काही खाजगी कंपन्या याहून लवकर वीज देण्याचा दावा करतात.

भारतात गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामाक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. 'इटर'चे सुमारे ३,८५० टन वजनाचे पोलादी निर्वात आवरण भारताने पुरवले असून त्याचे भाग गुजरातमधील हजिरा येथे घडवले गेले.

यापुढे संमीलनातील विक्रमाची वार्ता वाचनात आली, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ऊर्जा किती वेळ मिळाली? संपूर्ण यंत्राने किती वीज घेतली? आणि ती वीज ग्राहकाला कोणत्या दराने पडेल? डॉ. भाभांचे भाकीत कालमर्यादेत खरे ठरले नाही. त्यांनी दाखवलेली दिशा मात्र कोणी सोडलेली नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी समाधानकारक मिळेल, त्या दिवशी ताऱ्याची ऊर्जा खऱ्या अर्थाने घरी येईल.

शब्दार्थ

संमीलन – एकत्र मिसळणे
अधांतरी – आधाराविना
विपुल – भरपूर
निर्वात – हवारहित

पाठगत प्रश्न

१. विखंडन आणि संमीलन यांतील फरक सांगा.
२. २०२२ च्या प्रयोगात इंधनाचा हिशेब नफ्याचा, पण यंत्राचा तोट्याचा का ठरला?
३. 'विहिरीला पाणी लागले म्हणजे पीक हाती आले, असे होत नाही' या विधानाचा पाठाच्या संदर्भात अर्थ लिहा.