सेल्फ फिरतो, पण ट्रक चालू होत नाही!

समजा लासलगावचा कांदा भरून वाशी मार्केटला निघालेला ट्रक कसारा घाटाच्या अलीकडे थांबलाय. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं, चालू होत नाही. उशीर झाला तर माल सडणार.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलने यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात हवा दाबूनच इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून मी दोनच शब्द लक्षात ठेवते: डिझेल आणि दाब.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही? म्हणजे बहुतेक डिझेल पोचत नाहीये. टाकी, स्टॉप केबल, डिझेल फिल्टर तपासा. जुन्या पंपाच्या गाडीत लाइनमध्ये हवा शिरली असेल, तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. पांढरा धूर येतोय? डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग बघायला हवं.

सेल्फ एका दमात १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, नाहीतर बॅटरी बसेल. कॉमन रेल गाडीचे हाय प्रेशर पाइप तर मुळीच सोडू नका; त्यातला दाब १००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

तेव्हा आधी धूर बघा, मगच पाना उचला!