दिल्लीतलं चलान आणि मामाचे कानमंत्र

पोरा, गुरुग्रामला नोकरी, करोल बागेत खोली आणि पुण्याहून आणलेली एमएच-१२ची गाडी, एवढं सगळं तू एकट्यानं जमवलंस याचा मला आनंद आहे. आता या शहरात कधीतरी तुझ्या मोबाइलवर चलान येईल. चलान आलं की माणसं दोन गोष्टी करतात. एकतर घाबरून कोणाच्या तरी हातात पैसे ठेवतात, नाहीतर 'बघू नंतर' म्हणून वर्ष काढतात. तू दुसऱ्या जातीचा आहेस हे मला तुझ्या शाळेच्या गृहपाठापासून ठाऊक आहे, म्हणून आधीच कानात सांगून ठेवतो. कोर्टाचा रस्ता सरळ आहे. कोणत्या दारानं, कधी आत जायचं एवढंच माहीत हवं.

१. चौकात वाद घालू नकोस – गाडी बाजूला घे, कागद दाखव, चलानावरचं कलम, वेळ आणि जागा नीट वाच. ते पटत नसेल तर ऐकून घेण्याचं काम मॅजिस्ट्रेटचं आहे, सिग्नलवर उन्हात उभ्या असलेल्या माणसाचं नाही.

२. लायसन्स ताब्यात घेतलं तर पोचपावती घेतल्याशिवाय हलू नकोस – मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे ती पावती त्यांनी द्यायलाच हवी, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवरच्या तारखेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते.

३. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेव – तिथले कागद कायद्यानं चालतात. फोनच्या गॅलरीत काढून ठेवलेला धूसर फोटो चालत नाही.

४. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुझाच आहे ना, ते आजच बघ – कित्येक गाड्यांना शोरूमवाल्याचा नाहीतर वडिलांचा जुना नंबर चिकटलेला असतो, आणि कॅमेऱ्याचं चलान निमूटपणे तिकडे जातं. ज्याला निरोप पोचत नाही, त्याला तारीख पोचते.

५. महिन्यातून एकदा गाडीचा नंबर टाकून स्वतःच तपास – परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल, दिल्ली वाहतूक पोलिसांचं पोर्टल आणि गाडी आपल्याकडची असल्यामुळे महाराष्ट्राचं महाट्रॅफिक, तिन्हीकडे बघ; एका ठिकाणी पाटी कोरी दिसली म्हणजे सगळीकडे कोरी असते असं नाही.

६. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर तिला हातही लावू नकोस – ती उघडली की फोनमधले बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जातात. खरं पोर्टल जीओव्ही डॉट इनवर संपतं, आणि पत्ता मेसेजमधून न घेता स्वतः टाइप करायचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन कर, सकाळची वाट बघू नकोस.

७. पैसे भरण्याआधी फोटो मोठा करून बघ – गाडीचा रंग, मॉडेल, नंबरमधला प्रत्येक अंक. तुझाच नंबर दुसऱ्याच्या गाडीवर लावलेला असू शकतो, आणि आपण भरलं की तो गुन्हा आपल्या नावावर कायमचा बसतो. नंबर चोरीला गेलाय असं दिसलं तर वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार कर आणि पोलीस ठाण्यातही नोंदव.

८. चलानाच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं वाच – डीएल, एचआर की यूपी. जिथे चूक घडली तिथलं कोर्ट, मग नंबरप्लेट कुठलीही असो. करोल बागेतून निघून सिरहौल सीमा ओलांडलीस की तू हरियाणात, चिल्ल्याहून नोएडात शिरलास की उत्तर प्रदेशात. दिल्लीचं चलान घेऊन गुरुग्रामच्या कोर्टात उभा राहिलास तर सुट्टी वाया जाईल, आणि नोएडाचं काम सूरजपूरच्या जिल्हा न्यायालयात असतं, दिल्लीत नाही.

इथे थोडा थांब, कारण पुढचं नीट कळलं तर अर्ध्या फेऱ्या वाचतील. चलान वेळेत भरलं नाही की ते व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन, कोर्टात जातं. वाहतूक चलानांसाठी दिल्लीत असं कोर्ट जुलै २०१९ मध्ये तीस हजारी कोर्टात सुरू झालं. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला तसंच कोर्ट ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, आणि त्याचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं, ते नागपूरचेच. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पाचशे रुपयांसाठी माणसाची दिवसभराची मजुरी बुडू नये, एवढा साधा विचार तिच्यामागे आहे.

९. व्हर्च्युअल कोर्टाच्या पोर्टलवर दिल्लीची दोन खाती आहेत, दोन्ही उघडून बघ – पोलिसानं समोर उभं करून फाडलेलं चलान 'ट्रॅफिक डिपार्टमेंट'मध्ये आणि कॅमेऱ्यानं टिपलेलं 'नोटीस डिपार्टमेंट'मध्ये सापडतं. एकच बघून 'काही नाही' म्हणणारे पुष्कळ.

१०. तिथे दोन पर्याय येतील, दंड भरायचा की केस लढवायची. घाईनं बटण दाबू नकोस – भरलंस की गुन्हा कबूल आणि प्रकरण संपलं, लढवायचं म्हटलंस की ते त्या भागाच्या नेहमीच्या कोर्टात जातं आणि तुला तारखेला हजर राहावं लागतं.

११. चूक झाली असेल तर भर, झाली नसेल तर लढ – कारण दुसऱ्या वेळेची शिक्षा जड असते: किरकोळ गुन्ह्याला ५०० चे १,५००, विमा नसल्यास २,००० चे ४,००० होतात. आज कंटाळा म्हणून कबूल केलेलं उद्या 'पुन्हा केलेलं' ठरतं.

१२. कॅमेऱ्याचं चलान लढवताना तारखा मोजून बघ – ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते, कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या रस्त्यावर कॅमेरा असल्याची पाटी लागते. हे मुद्दे मॅजिस्ट्रेटसमोर विनयानं मांडता येतात.

१३. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर वहीत लिहून ठेव – ई-कोर्ट्सच्या अॅपवर तोच टाकून पुढची तारीख कळते. हजर न राहिल्यास समन्स आणि मग वॉरंटही निघू शकतं, आणि त्यानंतर गोष्ट चलानाची राहत नाही.

आता लोक अदालत. यावर जरा जास्त बोलतो, कारण ऑफिसातला प्रत्येकजण तुला सांगेल, 'अरे, थांब, लोक अदालतीत अर्ध्यावर मिटवू.' त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. दिल्लीत ती दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरण भरवतं आणि चलानांसाठी वाहतूक पोलीस सोबत असतात. २०२५ मध्ये ८ मार्च, १० मे आणि १३ सप्टेंबरला ती झाली. गर्दी अशी, की गणपतीत मंडपासमोर लागते तशी रांग.

१४. तारीख जाहीर झाली की दिल्ली वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर लक्ष ठेव – लोक अदालतीच्या काही दिवस आधी चलान डाउनलोड करायची लिंक उघडते, रोजची संख्या ठरलेली असते आणि ती लवकर संपते. दुपारी जेवून निवांत बसणाऱ्याला मिळत नाही.

१५. डाउनलोड करतानाच कोर्ट संकुल ठरतं, तेव्हा जवळचं निवड – तीस हजारी, पटियाला हाऊस, कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, साकेत, राऊस अॅव्हेन्यू यांपैकी तुझ्या खोलीपासून तीस हजारी सोयीचं, मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे.

१६. प्रिंट घरूनच काढून ने – तिथे छापून देण्याची सोय नसते, आणि फोनवर दाखवलेल्या चलानावर शिक्का मारता येत नाही.

१७. तिथे फक्त तडजोडीची चलानं चालतात – हेल्मेट, सीट बेल्ट, सिग्नल, चुकीचं पार्किंग अशी; दारू पिऊन चालवल्याचं प्रकरण घेऊन जाऊ नकोस, त्याला नेहमीच्या कोर्टातच उभं राहावं लागतं.

१८. सवलतीसाठी चलानं साठवू नकोस – रक्कम किती कमी करायची ते समोरचं पीठ ठरवतं, तुझा हक्क म्हणून काही मिळत नाही. आणि चलान थकलेलं असताना गाडीची मालकी बदलणं, एनओसी काढणं, सगळं अडकू शकतं.

१९. गुन्हा केलाच नसेल तर लोक अदालतीत तडजोड करू नकोस – १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. खरं बोलायला जागा हवी असेल तर नेहमीचं कोर्ट बरं.

आणि नेहमीच्या कोर्टात जायचं ठरलं, तर.

२०. मेट्रोनं जा आणि तासभर आधी पोच – गाडी लावायला जागा शोधताना पुकारा होऊन जातो. चलानाबद्दल जाताना गाडीच चुकीच्या जागी लावून आलास, तर तुझ्या आईला मी काय सांगू?

२१. आत गेल्यावर आधी आजची यादी बघ, मग विचार – रीडरकडे तारीख कळते, अहलमदकडे फाइल असते, नायब कोर्ट म्हणजे कोर्टाला जोडलेला पोलीस. ज्याचं काम त्याला विचारलं की तिघंही सांगतात. नमस्कार आधी, प्रश्न नंतर.

२२. मॅजिस्ट्रेटसमोर दोन वाक्यांत बोल – तुझं पुणेरी हिंदी चालेल, 'सर' नाहीतर 'मॅडम' पुरे. चूक मान्य असेल तर सरळ मान्य आहे म्हण, नसेल तर नाही म्हण, ट्रॅफिकवरचं तुझं मत कोणी विचारलेलं नसतं.

२३. चूक सुधारल्याचा कागद सोबत ठेव – पीयूसी संपली म्हणून चलान झालं असेल तर त्याच दिवशी काढलेली नवी पीयूसी दाखव. कायद्यात दंड १०,००० 'पर्यंत' आहे, आणि त्या 'पर्यंत' मध्ये मॅजिस्ट्रेटना मोजायला जागा असते.

२४. गेटबाहेर 'चलान सेटल करून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडून पुढे हो – दंड कोर्टात नाहीतर पोर्टलवरच भरायचा आणि पावती घ्यायची. दलालाच्या छत्रीखाली पाऊस जास्त लागतो, पोरा.

२५. वकील हवा असेल आणि परवडत नसेल तर त्याच संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोध, नाहीतर १५१६ ला फोन कर – तुझ्या ताईला हे मुद्दाम सांग, कारण स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्यानं दिलाय.

२६. पावती मिळाली म्हणजे संपलं असं समजू नकोस. आठवड्यानं पोर्टलवर 'निकाली' दिसतंय का ते बघ आणि पावती जपून ठेव – नोंद बदलायची राहून गेली तर गाडी विकताना हाच कागद कामाला येतो. पावती फाडली, की भांडण शिवायला बसावं लागतं.

काही गोष्टी कोर्टापर्यंत पोचूच नयेत अशा आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड फार वाढलेत, आणि ते बरं झालं असं माझं ठाम मत आहे. हे दंड पैशासाठी नाहीत, तुझ्यासारख्या पोरांनी रात्री घरी पोचावं म्हणून आहेत.

२७. दोन घोट झाले तरी कॅब – पहिल्या खेपेला १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि यात मामाची ओळख चालणार नाही, चालत असती तरी मी वापरली नसती.

२८. हेल्मेटचा पट्टा लाव – विनाहेल्मेट १,००० रुपये जातात आणि वर तीन महिने लायसन्सही. डोक्याचा हिशेब मी मांडत नाही.

२९. नोव्हेंबर लागला की गाडी काढण्याआधी हवेची बातमी बघ – प्रदूषणावरच्या निर्बंधांचा, म्हणजे ग्रॅपचा, तिसरा टप्पा लागला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी दिल्लीतच नाही, तर गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडातही बंद होतात, आणि दंड २०,००० असतो.

३०. पीयूसी आणि विमा संपायच्या पंधरा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लाव – पुण्यात पीयूसी कधी विचारली जायची ते विसर, दिल्लीच्या हवेत ती आधी विचारतात.

३१. गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर पुण्याच्या आरटीओची एनओसी घेऊन इथली नोंदणी कर – कलम ४७ तसं सांगतं, आणि त्या एनओसीआधी जुनी चलानं मिटवावी लागतात, म्हणजे दोन कामं एका फेरीत होतात.

३२. गाडी विकलीस तर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत सोडू नकोस – नवा मालक सिग्नल तोडतो आणि नोटीस तुझ्या फोनवर वाजते.

३३. सुट्टीत आलेल्या धाकट्याला किल्ली देऊ नकोस – अल्पवयीन मुलानं चालवलं तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याचा रुसवा आपण कुल्फीवर मिटवू.

एवढं सगळं एका दिवसात नको. आज रात्री फक्त गाडीचा नंबर तिन्ही पोर्टलवर टाकून बघ, आणि काही निघालं तर चलानाचा फोटो मला पाठव. भरायचं की लढायचं, ते आपण दोघं बसून ठरवू.