मंदीच्या धास्तीने रसायनं भरून ठेवावीत का?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, घरी प्रयोग करायची तिला फार आवड. मंदी येणार, भाव वाढणार असं ऐकतो. वर्षभराची रसायनं आत्ताच घेऊन ठेवू का?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : सरसकट साठा करू नका. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. पत्र्याखालची खोली त्याहून तापते. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होत राहतो. बूच घट्ट असेल तर बाटली फुगते, फुटूही शकते. ब्लिचिंग पावडरचा जोर उतरतो. कॉस्टिक सोडा ओलावा ओढून चिकट होतो. हे लागेल तेव्हा, लागेल तेवढंच आणा.

मीठ, तुरटी, लिंबूसत्व कोरड्या बरणीत खुशाल ठेवा, ते टिकतं. बोर्डो मिश्रणासाठी लागणारं मोरचूद कृषी केंद्रात मिळतं. पाव किलोत निळे स्फटिक कितीदा तरी होतील. पण ते विषारी आहे. बरणीवर ठळक नाव लिहा, कुलपात ठेवा.

ॲसिडचा साठा तर नकोच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार विक्रेत्याला ग्राहकाची नोंद ठेवावी लागते आणि 18 वर्षांखालच्यांना ॲसिड विकता येत नाही. तिच्या प्रयोगांना व्हिनेगर पुरतं.

पैसे घालायचेच तर टिकाऊ वस्तूंत घाला : बोरोसिलिकेट काचेचं चंचुपात्र, परीक्षानळ्या आणि, माझ्या मते सगळ्यांत आधी, डोळ्यांना संरक्षक चष्मा. दर्शक विकत घेऊच नका. हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून सावलीत वाळवा. चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच तो लालसर होतो.