झेंडूची शेवंती कशी झाली?

यंदा आमच्या हॉस्टेलच्या गणपती विसर्जनाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. सगळे मिळून दोनशेच्या वर फोटो निघाले. एकेक सुधारत बसायला वेळ कुणाला? एक विकतचं प्रीसेट घेतलं होतं, ते पहिल्या फोटोवर लावलं, सेटिंग्ज कॉपी केल्या आणि उरलेल्या सगळ्यांवर पेस्ट! वीस मिनिटांत मोकळा. रात्री फोटो ग्रुपवर टाकले, लाइक्सही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूम पार्टनरला घरून फोन. आई विचारत होती, "अंगावर पांढरं काय पडलंय रे? बरा आहेस ना? मेसचं जेवण जातंय ना?" बिचारा हसला, पण फोन ठेवल्यावर म्हणाला, "मी असा दिसत नाही रे. तुला असा दिसायला हवा होतो का?" उत्तर सुचलं नाही.

मग त्या प्रीसेटच्या पोटात काय आहे ते बघायचं ठरवलं. गंमत म्हणजे लाइटरूमचं प्रीसेट एक्सएमपी फाइलमध्ये असतं, आणि ही फाइल चक्क नोटपॅडमध्ये उघडते. आत जादू वगैरे काही नाही, नुसती स्लायडरची नावं आणि त्यांच्यापुढे आकडे. एक्सपोजर इतकं, शॅडोज तितक्या. कुणीतरी स्वतःच्या फोटोवर, तिथल्या उजेडात स्लायडर सरकवले आणि ते आकडे जपून ठेवले, एवढंच. म्हणजे आपण काय करतो? दुसऱ्या बॅचच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवून घेतो, आणि आपलं मीटर वेगळंच असतं! (अनुभवी लोकांना जास्त सांगायला नको.)

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं तेव्हाचे फिल्टर तरी वेगळे कुठे होते? त्यातल्या एक्स-प्रो टू चं नाव जुन्या क्रॉस प्रोसेसिंगवरून आलं, म्हणजे स्लाइड फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुणं. फिल्टर ही बंद कृती, फार तर कमीजास्त करायची. प्रीसेटमध्ये मात्र प्रत्येक स्लायडर उघडा असतो, आणि आपली सुटका त्यातच आहे.

माझ्या फाइलमधली गुन्हेगार ओळ सापडली ती नारिंगीची. नारिंगीचं ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, अधिक ४०. सॅच्युरेशन उणे ३५. आता बघा, माणसाची कातडी गोरी असो की सावळी, रंगचक्रावर ती साधारण नारिंगीच्याच आसपास येते. फरक असतो तो मुख्यतः गडदपणाचा. त्यामुळे "ग्लो" हवा म्हणून प्रीसेटवाले हाच स्लायडर वर ढकलतात. सॉफ्टवेअरला चेहरा कळत नाही, त्याला नारिंगी कळतो. म्हणून माझा मित्र राखेसारखा फिकट झाला आणि त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार शेवंतीचा वाटायला लागला. फेटेवाल्यांचंही तेच.

दुसरा घोळ उजेडाचा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. समजा प्रीसेटने सरसकट ४० वाढवले, तर २३० चे आणि २४० चे, दोन्ही ठिपके २५५ वरच अडकणार. असा फोटो सेव्ह करून नंतर ४० कमी केले तर दोन्ही २१५. मधला फरक कायमचा गेला! आमच्या पोरांचे पांढरे झब्बे असेच सपाट झाले, एक चुणी म्हणून दिसेना. त्यात फोनने जेपीईजी बनवताना स्वतःचा कॉन्ट्रास्ट आधीच घातलेला असतो. रॉ फाइलसाठी बनवलेलं प्रीसेट त्यावर लावणं म्हणजे मेसच्या आमटीत पुन्हा मीठ. नशीब की लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही, त्यामुळे मागे जाता आलं.

आता माझी पद्धत अशी आहे. आधी फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करतो: दुपारच्या उन्हातले, मांडवाच्या पिवळ्या कापडाखालचे, रात्री हॅलोजनमधले. प्रत्येक गठ्ठ्यातला एक फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर हाताने लावतो. झब्बा पांढरा दिसला की व्हाइट बॅलन्स जमला समजायचं (झब्बा खरंच धुतलेला असेल तर). मग प्रीसेट, तेही व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजरचे आकडे वगळून. शेवटी नारिंगीचे दोन्ही स्लायडर शून्यावर आणून, माणूस समोर उभा करून, फोनशेजारी त्याचा चेहरा बघतो. हे शेवटचं हॉस्टेलमध्ये फार सोपं आहे, मॉडेल शेजारच्याच कॉटवर घोरत असतं.

मित्राचा फोटो नव्याने करून त्याच्या आईला पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "हार छान आहे, फुलं कुठून आणली?"

अजून साठेक फोटो बाकी आहेत. ज्यांना आपले बदलून हवेत त्यांनी रविवारी मेसनंतर रूमवर यावं, चेहरा घेऊन.