वजन उतरवताना पोट का अडते?



गेल्या पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन आटोपले, खीर वाटून झाली, आणि चपला घालता घालता एक ताई आमच्याजवळ रेंगाळल्या. नोकरी सोडून आम्हाला बरीच वर्षे झाली, पण वस्तीत अजून "सिस्टर"च म्हणतात. "सिस्टर, वजन कमी करायला घेतलंय. दीड महिना झाला. दोन किलो उतरलं, पण चार-चार दिवस संडासला होत नाही." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. शेजारच्या दोघी हसल्या नाहीत, उलट जवळ सरकल्या. त्यांचेही तेच होते.

शुगर निघाली, बीपी निघाले, गुडघे धरले की डॉक्टर सांगतात, वजन कमी करा. कसे करायचे ते सांगायला ओपीडीत वेळ नसतो. मग बाई आपल्या मनाने उपाय काढते, आणि आपल्या बायकांचा पहिला उपाय म्हणजे उपाशी राहणे. ताईंना विचारले, दिवसभर काय खाता? सकाळी कोरा चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एक चपाती आणि बिनतेलाची भाजी. रात्री काही नाही. रविवारी चिकनचे दोन तुकडे. आणि पाणी? "कामावर असते ना, पाणी पीतच नाही."

आता यात पोट कसे साफ होणार ते बघा. आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी भरीव लागते. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, भाजीचा चोथा हे पचत नाहीत. पाणी शोषून फुगतात आणि मळ मऊ व मोठा ठेवतात. जेवण निम्मे केले की चोथाही निम्मा होतो. चिकन, अंडी, मासे चांगलेच आहेत, खावेत. पण त्यांत चोथा अजिबात नसतो. पाणी कमी पडले की मोठे आतडे मळातलेच पाणी ओढून घेते आणि मागे खडा उरतो. तेल पूर्ण बंद केले तर आतड्याची हालचाल आणखी मंदावते. माणशी दिवसाला चार छोटे चमचे तेल वजन उतरवतानाही चालते.

रोज झालेच पाहिजे असे मात्र नाही. कोणाला दिवसातून दोनदा होते, कोणाला एक दिवसाआड. कमी खाल्ले तर थोडे कमीच होणार. आठवड्यातून तीनदापेक्षा कमी, खड्यासारखे कडक, कुंथावे लागते, होऊनही राहिल्यासारखे वाटते, असे असेल तर ते बद्धकोष्ठ.

पण आमच्या मते वस्तीतल्या बाईचे पोट ताटापेक्षा जास्त संडासाच्या रांगेत अडते. सकाळी पाणी भरायचे, डबे करायचे, आणि त्याच वेळी सार्वजनिक शौचालयापुढे रांग. दाराला कडी नाही, दिवा नाही, आत पाणी नाही. मग बाई कळ दाबते. पुढे दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी. तिथला संडास ती रोज घासते, पण तो वापरायची तिला परवानगी नसते. म्हणून ती पाणीच पीत नाही. कळ वारंवार दाबली की मळ तिथेच थांबून कडक होतो आणि हळूहळू आतड्याची सूचनाच बोथट होते. पुढे मूळव्याध, गुदद्वाराला चीर, आणि लघवी दाबल्याने जळजळ ती वेगळी. अशा बाईला "भरपूर पाणी प्या" एवढे सांगून मोकळे होणे म्हणजे तिची चेष्टा आहे.

तरी जे हातात आहे ते करू. काही खाल्ले की मोठे आतडे आपोआप हलते, आणि सकाळी ते जास्त जोरात हलते. म्हणून उठल्यावर दोन ग्लास पाणी, थोडेसे काहीतरी खाणे, अर्धी भाकरी किंवा केळे, आणि अर्ध्या तासात संडासला. कळ असो नसो, वेळ तीच ठेवा. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती वेळ धरते. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसून कुंथू नका. उकिडवे बसणे उत्तम. घरात कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. दिवसाचे आठ-दहा ग्लास पाणी एकदम पिता येत नसेल तर पहाटे दोन, निघताना एक, दुपारी घरी आल्यावर तीन आणि संध्याकाळी दोन-तीन अशी वाटणी करा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताटाचा हिशेब घेऊ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा सांगते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम असतो, म्हणजे मध्यम दोन भाकऱ्यांत तेवढा मिळाला. बाजरीत किंचित जास्त. गव्हाचे पीठ न चाळता घेतले तर जवळपास तेवढाच. चाळून कोंडा टाकला की गेला. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आत, मैद्यातही तसेच, म्हणून टोस्ट, खारी आणि पाव यांवर दिवस काढणारीचे पोट अडणारच. दोन भाकऱ्यांबरोबर वाटीभर मोड आलेली मटकी किंवा काळे हरभरे, वाटीभर पालेभाजी, थोडी डाळ आणि एक पेरू, एवढ्यात २५ पुरे होतात. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, जे स्वस्त मिळेल ते. शेवग्याच्या शेंगा, गवार, चमचाभर जवसाची चटणी. यात महागडे काही नाही, आणि पोट भरलेले राहते म्हणून मधल्या वेळची भूकही लागत नाही. वजनासाठी कमी करायची ती साखर, तळलेले, बेकरीचे, आणि दिवसातले पाच-सहा गोड चहा. भाकरीला शत्रू करू नका. फक्त चोथा एकदम वाढवू नका, गॅस होतो. आठवड्याला एक-एक पदार्थ वाढवा.

मिश्रीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. "मिश्री लावल्याशिवाय मला होतच नाही" हे आम्ही किती आयांकडून ऐकले असेल! त्यात तथ्य आहे. तंबाखूतले निकोटिन आतड्याला चालना देते, भूकही मारते, म्हणून वजन उतरवणारीला ती दुप्पट सोयीची वाटते. पण त्याच मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो. सोडल्यावर काही आठवडे पोट अडते आणि बाई पुन्हा डबीकडे वळते. ते दिवस ओळखून घ्या. गरम पाणी, सकाळचे खाणे आणि चमचाभर इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, यावर ते निभावतात. इसबगोल कमी पाण्याबरोबर घेऊ नका, तो आतच फुगून अडकू शकतो.

पोट साफ करणारी चूर्णे आणि "स्लिमिंग चहा" यांपासून सावध. यांतल्या अनेकांत सोनामुखी असते. एखाद्या वेळी घेतली तर बिघडत नाही, पण रोज घेऊन वजन घटते ही समजूत खोटी आहे. अन्नातली ताकद लहान आतड्यातच शोषली जाते. चूर्ण काम करते त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. काट्यावर उतरते ते पाणी, चरबी नव्हे. रोजच्या जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम घटते, अशक्तपणा येतो. त्या ताईंनीही कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन हजारांचा पावडरचा डबा घेतला होता. दोन हजारांत घरात किती डाळ आली असती!

कधी दोष आहाराचा नसतोच. लोहाच्या गोळ्यांनी शौच कडक आणि काळे होते. गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके यांनीही अडते. जुन्या शुगरमध्ये आतड्याच्या नसा मंदावतात. आणि कमी खाऊनही वजन वाढते, पोट साफ होत नाही, थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, पाळीत गडबड, असे एकत्र दिसले तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. कितीतरी बायका या आजाराला स्वतःचा आळस समजून वर्षे काढतात.

शौचातून रक्त, न ठरवता घटलेले वजन, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, पोट फुगून उलट्या आणि वायूही न सरणे: यांत घरगुती उपाय नाही. शेवटचे असेल तर त्याच तासाला दवाखाना.

वेगाबद्दल एक गोष्ट. संयुत्त निकायात कोसलराज प्रसेनजिताची कथा येते. भरपेट जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. मात्रेत जेवण्याचा उपदेश ऐकून त्याने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला लावले. त्याचे जेवण घटले, पण हळूहळू घटत ते नाळीभर भातावर आले. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, दुपारनंतर जेवण वर्ज्य आहे, पाणी नव्हे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र त्या दिवसाचे आधी डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

ताईंनी टोस्ट सोडले, रात्री अर्धी भाकरी आणि भाजी सुरू केली. तीन आठवड्यांनी भेटल्या तेव्हा पोट एक दिवसाआड साफ होत होते, वजन आणखी किलोभर खाली. कामाच्या दोन घरांपैकी एका ठिकाणी त्यांनी संडास वापरण्याचे स्पष्ट विचारले, आणि त्या बाई हो म्हणाल्या. दुसरीने उत्तर दिले नाही. वस्तीच्या शौचालयात बायकांच्या सहा खोल्यांपैकी दोन बंद आहेत. महिला मंडळाच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात दिला आहे, पोच आमच्याकडे आहे. येत्या सोमवारी सकाळी अकराला आम्ही पुन्हा जाणार आहोत, ज्यांना सुट्टी मिळेल त्यांनी विहाराजवळ यावे.