गुडघे दुखतात, पण इमॅजिका पाहायचंय

प्रश्न : मी साखर कारखान्यातून निवृत्त झालो. वय ६८, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. पत्नी ६४ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात. आम्ही दोघांनीच खोपोलीच्या इमॅजिकाला जावं का?
– एक वाचक, भवानीनगर

उत्तर : जरूर जा. नातवंडं सोबत हवीतच असं नाही. २०१३ साली सुरू झालेलं हे उद्यान मोठं आहे, चालणं बरंच होतं. म्हणून पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलात एक रात्र राहा. दुपारी खोलीवर पाठ टेकता येते. वहिनींसाठी व्हीलचेअरची चौकशी आधीच करा, संकोच नको.

‘नायट्रो’ हा रोलरकोस्टर मात्र टाळा. रक्तदाब, पाठ, मान यांचा त्रास असणाऱ्यांसाठी तो नाहीच. ‘आय फॉर इंडिया’ ही पडद्यावरची भारतसफर खुर्चीत बसून पाहता येते, तरी आधी डॉक्टरांना विचारा.

मे आणि दिवाळीची सुट्टी सोडून मंगळवार-बुधवार निवडा. एसटीने पुण्यापर्यंत गेलात तर दोघांनाही अर्धं तिकीट : तुम्हाला ज्येष्ठ म्हणून, वहिनींना महिला म्हणून. तुमचं आधारकार्ड जवळ ठेवा आणि गोळ्या हातातल्या पिशवीतच असू द्या.