शेंग तडकायच्या आधी

पोरी, मानोरा तालुक्यात तुला पहिली शाळा मिळाली, आणि फोनवर तू पगाराआधी चौथीतल्या त्या मारकुट्या पोराचंच सांगितलंस. तेव्हाच मला कळलं, तू या नोकरीत रमशील. तुझ्या मावशीनं वाशीम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं काढली. ज्या चुका तुझ्या हातून व्हायच्या आहेत, त्या माझ्या करून झाल्यात. म्हणून एवढं ऐक.

१. शाळा भरायच्या आधी वर्गाच्या दारात उभी राहा, एकेकाला नावानं हाक मारून आत घे — कोण उपाशी आलंय, कोण रडून आलंय, कुणाच्या मुठी आवळलेल्या आहेत, हे हजेरीपटावर नाही, उंबऱ्यावर दिसतं. सोयाबीनची शेंग तडकल्यावर मातीतले दाणे वेचण्यापेक्षा वेळेवर सोंगणी केलेली बरी.

२. दांडग्या पोराला कोपऱ्यात दाबून बसवू नकोस, बस्करपट्टीच्या टोकाला बसव — जीव गुदमरला की त्याला उठून पाण्यापर्यंत जाता यावं. वाट अडवली की वासरूसुद्धा ढुशी देतं.

३. वर्गात गलका वाढला की तू आवाज खाली आण — तू ओरडलीस की गलक्यात आणखी एकाची भर.

४. एक साधी वही कर. मारामारी झाली की वार, वेळ आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढंच लिही. मी हे फार उशिरा सुरू केलं. एका पोराला मी वर्षभर खोडसाळ म्हणत होते. वहीची पानं चाळली तेव्हा दिसलं की त्याची सगळी भांडणं सोमवारची. गावचा बाजार रविवारी. हप्त्याची मजुरी त्या दिवशी हातात यायची आणि रात्री घरात दारू यायची. त्या पोराला झोपच मिळालेली नसायची. मग सोमवारचा पहिला तास मी गणिताऐवजी चित्रांचा केला, त्याला पाऊण तास कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. भांडणं संपली नाहीत, पण निम्म्यावर आली.

५. हाक मारल्यावर न वळणारं पोर उर्मट आहे असं ठरवण्याआधी त्याचा कान तपासून घे — राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा असं नाव आधीच लिहून ठेव. शंका राहिलीच तर पंचायत समितीच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलाव.

६. तांड्यावरच्या लेकरांच्या घरी गोरमाटी बोलतात, तेव्हा याडी म्हणजे आई यापासून सुरुवात करून तूही चार शब्द शीक — ज्याला वर्गात शब्द सापडत नाहीत, त्याचा हात आधी उठतो. आणि दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला उभं करून वाचायला लावू नकोस. मागं पडल्याची लाज मारामारीचं सोंग घेऊन येते.

७. मारामारी पेटलीच तर आधी बघे बाहेर काढ, एका पोराला शेजारच्या वर्गात मदतीला पाठव, मगच दोघांच्या मधे जा — बघे गेले की निम्मा जोर उतरतो. चौकशी मात्र दोघांनी पाणी प्यायल्यावर, वेगवेगळी. ज्यानं मार खाल्ला त्याच्याजवळ आधी बस. आपण नेहमी मारणाऱ्याच्या मागं धावतो आणि हे दुसरं लेकरू एकटं राहतं.

८. तू हात उगारू नकोस. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मार आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि कलम १६ मुळं आठवीपर्यंत पोराचं नाव शाळेतून काढता येत नाही. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. मी एकदा पट्टी मारली होती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्या पोरानं पहिलीतल्या एकाला तसंच, त्याच हातावर मारलं. बाईची पट्टी धाकट्याच्या अंगावर उतरते.

९. घरी पहिला निरोप चांगला धाड, तक्रारीचा नंतर — ज्या बापानं शाळेतून एकदाही बरा शब्द ऐकला नाही, तो तुझी तक्रार ऐकून घरी पट्टाच काढतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात; त्यातली एखादी शहाणी आई हाताशी धर.

१०. रक्त आलं, हत्यार दिसलं, तर झाकू नकोस. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी दे आणि दोन्ही घरी कळव. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, आणि संकटातल्या लेकरासाठी १०९८ हा नंबर आहे. शाळेची अब्रू लेकरापेक्षा मोठी नाही.

आणि बाई, अर्धा तास तू त्या पोराबद्दल बोललीस, पण सारखं "तो मारकुटा", "तो मारकुटा". पुढच्या रविवारी फोन करशील, तेव्हा आधी मला त्याचं नाव सांग.